कुजणारे प्लॅस्टिक: एका दुर्लक्षित शोधाचा शतकभराचा प्रवास

१/ १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ मोरिस लम्वान यांनी एका जिवाणूच्या पेशीत साठणाऱ्या पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पदार्थ तापवला की वितळत असे, थंड झाला की घट्ट होत असे आणि मातीत पडला की इतर जिवाणूंचे अन्न बनत असे. आजच्या भाषेत ते जैवविघटनशील प्लॅस्टिक होते. पॉलिथिनचा शोध लागायला त्या वेळी आणखी सात वर्षे अवकाश होता.

२/ म्हणजेच कुजणारे प्लॅस्टिक न कुजणाऱ्या पिशवीच्या आधी माणसाच्या हाती आले होते. विसाव्या शतकाने त्यातून दुसरे निवडले. आज केळ्याची साल, पालकाचे देठ, बटाट्याच्या साली यांपासून प्लॅस्टिक केल्याच्या बातम्या नवलाने वाचल्या जातात. त्या नवलामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/ प्रथम रसायनशास्त्राचा एक छोटा पाठ. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ. एकेक मणी ओवून माळ व्हावी, तसे लहान रेणू जोडले जाऊन असा महारेणू बनतो. वनस्पती हे काम कोट्यवधी वर्षे करत आल्या आहेत. लाकडातील व कापसातील सेल्युलोज, बटाट्यातील स्टार्च, संत्र्याच्या सालीतील पेक्टिन या साऱ्या साखळ्याच आहेत. फळाची साल ही निसर्गाने तयार केलेली वेष्टणाची पिशवीच होय.

४/ म्हणून पहिले प्लॅस्टिक वनस्पतीतूनच आले, यात आश्चर्य नाही. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात बर्मिंगहॅमचे अलेक्झांडर पार्क्स यांनी ‘पार्केसाइन’ नावाचा पदार्थ मांडला. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजपासून तो बनला होता. त्याला कांस्यपदक मिळाले. १८६६ मध्ये कंपनी निघाली आणि दोन वर्षांतच बुडाली.

५/ त्याच दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत महाग होत चालला होता. फेलन आणि कोलेंडर या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ऑल्बनी शहरातील जॉन वेस्ली हायट हे मुद्रक त्या खटपटीत पडले. १८७० मध्ये त्यांनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्याचे नाव सेल्युलॉइड.

६/ कापूस आणि कापूर, दोन्ही झाडांची देणगी. त्यांतून कंगवे, दातांच्या कवळ्या, शर्टाच्या कॉलरी आणि पुढे चित्रपटाची फीत निघाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला, तोही याच वनस्पतिजन्य प्लॅस्टिकच्या फितीवरून. भारतीय चित्रपटाचा जन्म कापसाच्या धाग्याशी असा जोडलेला आहे.

७/ या वस्तू विकल्या जात होत्या त्या टिकाऊपणाच्या ग्वाहीवर. शिंग चिरते, लाकूड किडते, कापडी कॉलर मळते; सेल्युलॉइडला यांतले काही होत नाही, असा प्रचार असे. कुजणे हा दोष आणि न कुजणे हा गुण, ही समजूत तेव्हा रुजली. प्रत्यक्षात नायट्रेट फीत अतिशय ज्वलनशील होती आणि जुनी झाली की तिचा भुगाही होत असे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच जुन्या फितींच्या साठ्याला आग लागून मोठा ठेवा नष्ट झाला.

८/ टाकाऊपासून प्लॅस्टिक ही कल्पनाही जुनीच. १८९७ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म क्रिशे आणि ॲडॉल्फ श्पिटेलर यांनी दुधातील केसीनवर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून ‘गॅलॅलिथ’ तयार केले. या नावाचा ग्रीक अर्थ ‘दुधाचा दगड’. लोणी काढून उरलेले दूध हा त्याचा कच्चा माल. युरोपातील लक्षावधी बटणे आणि फाउंटन पेनांचे देह या दगडाचे होते.

९/ मग १९०७ साल उजाडले. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बेकेलाइट बनवले. फिनॉल दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे. झाड, शेत, गोठा यांपैकी कशाशीही संबंध नसलेले हे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक. ते वितळत नसे, विरघळत नसे, कुजतही नसे. खनिजांचे युग येथून सुरू झाले.

१०/ अशा काळात लम्वान यांचा शोध आला. त्यांच्या जिवाणूचे नाव बॅसिलस मेगाटेरियम आणि त्यातील पदार्थाचे नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. माणूस अतिरिक्त अन्न चरबीच्या रूपाने साठवतो, तसे काही जिवाणू ते पीएचबीच्या कणांच्या रूपाने साठवतात. उपासमारीत तोच साठा ते खातात. म्हणून पीएचबी पचवणारी विकरे निसर्गात आधीपासून आहेत.

११/ हा शोध दुर्लक्षित का राहिला? पहिले कारण विद्वत्तेच्या जगातले. महारेणू नावाची काही गोष्ट असते, हेच त्या काळी सर्वमान्य नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक मोठ्या रसायनतज्ज्ञांनी तिला विरोध केला. श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये. लम्वान यांच्या पेशीतील साखळी ओळखणारी नजर १९२६ मध्ये फार थोड्यांजवळ होती.

१२/ दुसरे कारण अधिक साधे. कुजणाऱ्या वस्तूची कुणाला गरजच नव्हती. प्लॅस्टिकचा कचरा अजून अस्तित्वात आला नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर लम्वान यांनी शोधले होते, तो प्रश्न निर्माण व्हायला आणखी चाळीस वर्षे लागणार होती.

१३/ दरम्यान अमेरिकेत शेतीच्या दिशेने एक मोठा प्रयत्न झाला. पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे भाव कोसळले. शेतात माल पडून राहू लागला. विल्यम हेल या रसायनतज्ज्ञाने १९३४ मध्ये ‘केमर्जी’ हा शब्द घडवला. शेतमालातून कारखान्यासाठी कच्चा माल काढण्याचे शास्त्र, असा त्याचा अर्थ. १९३५ मध्ये डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या यजमानपदाखाली या विषयावर मोठी परिषद भरली.

१४/ फोर्ड यांची सोयाबीनवर विशेष श्रद्धा होती. भुईमूग आणि रताळ्यांपासून शेकडो वस्तू बनवणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १९४० मध्ये फोर्ड यांनी आपल्या मोटारीला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणावर कुऱ्हाडीने प्रहार करून त्याची मजबुती दाखवली. ऑगस्ट १९४१ मध्ये प्लॅस्टिकची अंगे बसवलेली मोटार लोकांसमोर आली. चारच महिन्यांत अमेरिका युद्धात उतरली आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

१५/ केमर्जीचा मागे राहिलेला ठेवा मात्र मोलाचा होता. १९३८ च्या कायद्याने अमेरिकी कृषी खात्याच्या चार प्रादेशिक प्रयोगशाळा स्थापन करण्यात आल्या. अतिरिक्त शेतमाल आणि शेतीतील टाकाऊ पदार्थ यांना नवे उपयोग शोधणे हे त्यांचे काम. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या चळवळीला शेतकऱ्याचा भाव वाचवायचा होता. वस्तू कुजावी, हा तिचा हेतू नव्हता.

१६/ आता इंग्लंड. मार्च १९३३ मध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय, या कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग केला. भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांचे आवरण म्हणून गुप्तपणे वापरले गेले.

१७/ युद्ध संपले. कारखाने मात्र बंद करायचे नव्हते. खनिज तेल स्वस्त होते. युद्धसामग्रीचा माल घरात आणण्यासाठी वस्तू वापरून फेकून देण्याची सवय लोकांना लावावी लागली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने फेकाऊ वस्तूंच्या जीवनशैलीवर सचित्र लेख छापला, तो कौतुकाचा होता. १९६५ मध्ये स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला बंदांच्या पॉलिथिन पिशवीचे अमेरिकी पेटंट मिळाले. पिशवीचे डिझाइन स्टेन गुस्ताफ थुलिन यांचे.

१८/ आकडेच बोलतात. १९५० मध्ये जगाचे वार्षिक प्लॅस्टिक उत्पादन सुमारे २० लाख टन होते. २०१५ मध्ये ते सुमारे ३८ कोटी टनांवर गेले. त्या वर्षापर्यंत निर्माण झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता. दोन-चार मिनिटांच्या उपयोगासाठी शतकानुशतके टिकणारा पदार्थ वापरला जात होता.

१९/ या कथेत भारताचे एक वेगळे पान आहे. १९५९ मध्ये पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे आयसीआयच्या भारतीय कंपनीने देशातील पहिला पॉलिथिन कारखाना सुरू केला. त्यासाठी लागणारे इथिलीन खनिज तेलातून येत नव्हते. ते अल्कोहोलपासून बनवले जाई आणि अल्कोहोल साखर कारखान्यांतून उरणाऱ्या मळीपासून. भारतात पहिली पॉलिथिनची निपज उसाच्या टाकाऊ अंशातून झाली.

२०/ १९६० च्या दशकात मुंबईजवळ ट्रॉम्बे आणि ठाणे येथे नाफ्त्यावर चालणारे प्रकल्प उभे राहिले आणि मळीची वाट मागे पडली. रिश्राचा धडा मात्र टिकून आहे. उसापासून केलेले पॉलिथिन आणि तेलापासून केलेले पॉलिथिन यांचा रेणू एकच. दोन्ही तितकीच चिवट, दोन्ही गटारात तशीच अडकणार. ‘वनस्पतीपासून बनलेले’ आणि ‘कुजणारे’ हे दोन वेगळे गुण आहेत. जाहिरातीत त्यांची गल्लत आजही होते.

२१/ कुजण्याची पहिली किंमत मोजली ती शल्यचिकित्सकांनी. शस्त्रक्रियेनंतर आतले टाके काढण्यासाठी पुन्हा शरीर उघडणे कुणालाच नको असते. पूर्वी जनावरांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगट वापरत. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा आणि पुढे लॅक्टिक आम्लाचाही अंश असलेला, शरीरात विरघळणारा कृत्रिम धागा बाजारात आला. नाहीसे होणे हाच ज्याचा गुण, असा पदार्थ येथे प्रथम सन्मानाने विकला गेला.

२२/ मग १९७३ चे तेलसंकट आले. खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळपास चौपट झाल्या. ज्या आयसीआयने पॉलिथिन शोधले होते, तिनेच आता लम्वान यांच्या पीएचबीकडे मोर्चा वळवला. बिलिंगहॅम येथे कंपनीजवळ मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवण्याचा अनुभव होता. ग्लुकोज खाऊन जिवाणू पीएचबीने फुगत आणि पेशी फोडून ते वेगळे काढले जाई.

२३/ शुद्ध पीएचबी ठिसूळ असते. जिवाणूंच्या खाद्यात प्रोपिऑनिक आम्ल मिसळले की साखळीत दुसऱ्या प्रकारचे मणीही ओवले जातात आणि पदार्थ लवचीक होतो. आयसीआयने त्याला ‘बायोपोल’ नाव दिले. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूची बाटली बायोपोलमध्ये आली. कुजणारी बाटली अखेर दुकानाच्या फळीवर पोहोचली होती.

२४/ ती फार काळ टिकली नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेल पुन्हा स्वस्त झाले होते आणि बायोपोलची किंमत साध्या प्लॅस्टिकच्या कित्येक पट होती. १९९६ मध्ये हा व्यवसाय मोन्सँटो कंपनीने घेतला आणि काही वर्षांतच सोडून दिला. रसायनशास्त्राने लम्वान यांना केव्हाच न्याय दिला होता. तेलाच्या भावाने तो पुन्हा हिरावून घेतला.

२५/ दुसऱ्या एका पदार्थाचे नशीब बरे निघाले. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३२ च्या सुमारास लॅक्टिक आम्लापासून पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, बनवून पाहिले होते. तेव्हा ते कमकुवत ठरले. १९८९ पासून अमेरिकेच्या कारगिल कंपनीत पॅट्रिक ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केले. २००२ मध्ये नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे वर्षाला १,४०,००० टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला.

२६/ ब्लेअरचा कच्चा माल मका होता. तेथेच नवा वाद उभा राहिला. २००७-०८ मध्ये जगभर अन्नधान्याच्या किमती भडकल्या, तेव्हा खाण्याचे धान्य इंधनात आणि वेष्टनात घालणे योग्य काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. संशोधकांची नजर ताटाकडून कचऱ्याच्या डब्याकडे वळण्यामागचे हे एक मोठे कारण.

२७/ डबा भरलेलाच होता. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अंदाज दिला की, माणसासाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला १३० कोटी टन, वाया जाते. त्यात सर्वाधिक नासाडी फळे, भाज्या आणि कंदमुळे यांची. नासाडीतला हा माल सेल्युलोज, स्टार्च, पेक्टिन आणि साखर यांनी भरलेला असतो.

२८/ त्यापासून प्लॅस्टिक करण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला: स्टार्च किंवा पेक्टिन काढून, त्यात ग्लिसरीनसारखा मऊपणा आणणारा पदार्थ घालून, तापवून पातळ थर करणे. दुसरा: साल-देठ जसेच्या तसे आम्लात मुरवून त्याचा लगदा साच्यात वाळवणे. तिसरा: कचरा आंबवून जिवाणूंना खाऊ घालणे आणि पीएचबी किंवा लॅक्टिक आम्ल मिळवणे.

२९/ पहिल्या मार्गाचे उदाहरण नेदरलँड्समध्ये दिसते. तेथे बटाट्याचे काप आणि फ्रेंच फ्राइज करणारे मोठे उद्योग आहेत. सोलताना, कापताना, धुताना स्टार्चने भरलेला चोथा उरतो. रोडेनबर्ग कंपनीने त्यापासून ‘सोलॅनिल’ हे प्लॅस्टिक बाजारात आणले. चोथा एकाच ठिकाणी, एकाच जातीचा आणि वर्षभर मिळतो, हे त्या यशाचे रहस्य.

३०/ २०१३ मध्ये हाच मार्ग एका शाळकरी मुलीने जगासमोर नेला. इस्तंबूलच्या १६ वर्षांच्या एलिफ बिलगिन हिने केळ्याच्या सालीतील स्टार्चपासून प्लॅस्टिक तयार केले आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाचा विज्ञान पुरस्कार मिळवला. तिच्या प्रयोगाला दोन वर्षे लागली. आधीचे बरेच नमुने फसले होते, त्यांपैकी काही सडलेही होते. सालीचे प्लॅस्टिक किती वेळ टिकावे आणि केव्हा कुजावे, हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न तिच्या ओट्यावरही होताच.

३१/ दुसऱ्या मार्गाचे केंद्र इटलीतील जेनोआ. तेथील इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इल्कर बायर, अथानासिया अथानासिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पालकाचे व पार्सलीचे देठ, भाताचा तूस आणि कोकोच्या शेंगांची टरफले ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लात विरघळवून थेट प्लॅस्टिकचे पातळ थर बनवले. काही कडक व ठिसूळ होते, काही मऊ व ताणले जाणारे. कच्चा माल बदलला की स्वभाव बदले.

३२/ पण ते आम्ल दाहक आणि पर्यावरणात दीर्घकाळ टिकणारे. कुजणारी वस्तू करण्यासाठी न कुजणारे रसायन वापरावे, ही विसंगती संशोधकांनाही खुपली असावी. २०१८ मध्ये त्याच संस्थेतून पाण्यावर आधारित पद्धत पुढे आली. गाजर, फ्लॉवर, पार्सली आणि रॅडिचिओ यांची वाळवलेली भुकटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवून तिचे थर तयार करण्यात आले. घातक द्रावकाची गरज संपली.

३३/ संत्र्याची साल मात्र हट्टी. तिच्या तेलातील लिमोनीन जिवाणूंना मारक असते. त्यामुळे साल तशीच आंबवायला घेतली तर किण्वन मंदावते. तेच लिमोनीन दुसऱ्या वाटेने उपयोगी पडले. २००४ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री कोट्स आणि सहकाऱ्यांनी लिमोनीन ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड जोडून एक पॉलिमर घडवला. साल आणि धूर, दोन्ही टाकाऊ.

३४/ एवढे सारे असताना बाजारात ही प्लॅस्टिके का दिसत नाहीत? जगाच्या एकूण प्लॅस्टिकमध्ये जैवप्लॅस्टिकचा वाटा आजही एक टक्क्याहून कमी आहे. कारण कचरा हा कच्चा माल म्हणून अवघड असतो. भाजीत ८०-९० टक्के पाणी असते. ते वाहून न्यायचे आणि वाळवायचे म्हणजे इंधन आले. केळे पिकते तसा सालीतील स्टार्च साखरेत बदलतो, म्हणून आजची साल कालच्यासारखी नसते. तेल मात्र नळीतून रोज सारखेच येते.

३५/ दुसरी अडचण शब्दाची. ‘जैवविघटनशील’ म्हणजे कुठेही, कधीही कुजणारे, असे नाही. पीएलए नीट कुजण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाचा, ओलसर, औद्योगिक कंपोस्टाचा ढीग लागतो. घरामागच्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते दीर्घकाळ तसेच राहते. २०१९ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘जैवविघटनशील’ असे छापलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात ठेवली. नंतरही तीत बाजारहाट भरून नेता येत होता.

३६/ जेथे यश आले, तेथे पदार्थासोबत व्यवस्थाही उभी होती. इटलीने २०११ मध्ये साध्या प्लॅस्टिकच्या खरेदीच्या पिशव्यांवर बंदी घातली. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या चालू ठेवल्या. २०१२ पासून मिलान शहरात घरोघरी स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळा उचलला जाऊ लागला आणि तो त्याच कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांत. पिशवी आणि साल एकाच वाटेने खताकडे जातात. कुजणाऱ्या वस्तूला कुजण्याची जागा मिळाली.

३७/ महाराष्ट्राने या प्रश्नाची किंमत पाण्यात उभे राहून मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तुंबलेल्या नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून ठरावीक एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली.

३८/ बंदी आली की पर्यायाचा शोध सुरू होतो. २०२४ मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे शर्करेपासून लॅक्टिक आम्ल आणि पुढे पीएलए बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसाच्या प्रदेशात रिश्राची जुनी कल्पना नव्या रूपाने परतली. फरक इतकाच, की या वेळी साखळी अशी निवडली आहे जी योग्य ठिकाणी तुटू शकते.

३९/ या दीडशे वर्षांत एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी वेगळा विचारला. हायट यांनी विचारले, हस्तिदंताऐवजी काय? फोर्ड यांच्या काळाने विचारले, उरलेल्या शेतमालाचे काय? आयसीआयने विचारले, तेल महागले तर काय? प्रत्येकाला उत्तर मिळाले आणि परिस्थिती बदलताच ते उत्तर बाजूला ठेवले गेले. वापरून झाल्यावर या वस्तूचे काय, हा प्रश्न सर्वांत शेवटी आला.

४०/ लम्वान यांच्या जिवाणूने मात्र तो आधीच सोडवला होता. तो गरजेपुरतेच साठवतो आणि गरज संपली की साठा खाऊन टाकतो. साल किंवा देठ यांपासून होणाऱ्या प्लॅस्टिकचे भवितव्य प्रयोगशाळेत ठरले आहेच. आता ते ओला कचरा वेगळा ठेवणारे घर, तो उचलणारी नगरपालिका आणि तो कुजवणारा कारखाना यांच्या हाती आहे. शोध कपाटात शंभर वर्षे कसा पडून राहतो, हे या इतिहासाने एकदा दाखवले आहे.

(धागा समाप्त)